देश सोडला की शोध पत्रकाराचा धोका संपतो का? आणि त्यांचं करिअर चालतं तरी कसं?

नाही संपत. मी सोलापुरात एका पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं देश-विदेशचं पान लावायचो, या लोकांच्या बातम्या सारख्या हाताखालून जायच्या, त्यावरून सांगतो.

क्रिस्टो ग्रोझेव घ्या. शोध पत्रकार, माणूस बल्गेरियाचा, राहायला तेव्हा व्हिएन्नात. पुतिनच्या विरोधातला रशियन नेता नवाल्नी, त्याच्यावर विषप्रयोग झाला त्यातल्या रशियन एजंटांची नावं यानं आणि सोबतच्यांनी डिसेंबर २०२० मध्ये बाहेर काढली. कशावरून, तर विमानाच्या पॅसेंजर याद्या आणि कॉल रेकॉर्ड, रशियात पैसे टाकले की चोरबाजारात हे सगळं मिळतं. २०२२ संपता संपता रशियानं त्याला वॉन्टेड केलं आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नातलं घरही सोडावं लागलं, कारण तिथले पोलीसही गॅरंटी देईनात.

त्याच्यासोबत काम करणारा डोब्रोखोतोव, 'द इन्सायडर' या रशियन शोध-बातम्यांच्या साइटचा संपादक, २०२१ ला रशिया सोडून निघाला. त्याच्या मागे रशियासाठी हेरगिरी करणारी लंडनमधली बल्गेरियन टोळी लावलेली. बुडापेस्ट-बर्लिन विमानात त्यातली एक बाई त्याच्या इतकी जवळ बसली की त्यानं फोन उघडताना टाकलेला पिन तिनं बघून घेतला! आणि त्याच टोळीतल्या दुसरीनं ग्रोझेवला फेसबुकवर रिक्वेस्ट पाठवली, त्यानं अ‍ॅक्सेप्टपण केली. दुनियेच्या हेरांची अंडीपिल्ली काढणारा माणूस हो. २०२५ ला लंडनच्या कोर्टात टोळीला शिक्षा झाली, म्होरक्याला १० वर्षं ८ महिने.

पण मला विचाराल तर खरा धोका मागं राहिलेल्यांना जास्त. तुर्कीच्या 'जुम्हुरियेत' पेपरचा तेव्हाचा संपादक जान दुंदार, सीरियाकडे चाललेल्या हत्यारांच्या ट्रकची बातमी २०१५ ला छापली, कोर्टाबाहेर गोळीबार झाला, तो जर्मनीला गेला, आणि बायकोचा पासपोर्ट सरकारनं काढून घेतला. ती जवळजवळ तीन वर्षं अडकून पडली. केस यांची, आणि भोगलं कुणी?

सोर्सचं तेच. आमच्याकडं बातमीदार कलेक्टर ऑफिसजवळच्या टपरीवर थांबतो, ओळखीचा क्लार्क येतो, इकडचं तिकडचं बोलतो, आणि टेंडरची झेरॉक्स पेपरच्या घडीत ठेवून निघून जातो. बाहेर गेलेल्याची ही टपरीच सुटते, मग सगळं सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर आणि लीक झालेल्या डेटावर. बातमी बर्लिनमधून छापली म्हणून काय झालं, फाइल कुणी दिली हे शोधायला लागले की क्लार्क तिथंच टेबलावर बसलेला असतो, त्याला कोण देतंय व्हिसा? म्हणून जे चांगले आहेत ते एखादा कागद हातात असूनही छापत नाहीत, कारण तो एकाच टेबलावरून आलेला असू शकतो.

पैशाचं फार गुलाबी नाही. रशियन बातम्यांची साइट 'मेदुझा' २०१४ पासून लाटव्हियातून चालतं, वाचकांच्या वर्गणीवर बरंचसं, तर जानेवारी २०२३ मध्ये रशियानं त्यांना 'अनिष्ट' संघटना ठरवलं, म्हणजे रशियातल्या वाचकानं वर्गणी दिली तरी गुन्हा. पुढच्याच महिन्यात त्यांच्या प्रकाशक बाईंच्या आयफोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं, तेही त्या बर्लिनमध्ये असताना. उरतात परदेशी ग्रँट, आणि २०२५ ला अमेरिकेनं मदत थांबवली तेव्हा अशा कितीतरी न्यूजरूमची धाबी दणाणली. बाकी फेलोशिप, कुठं लेक्चर, कुठं पुस्तक, असं जोडून जोडून चालतं.

तुम्ही लिहिलंय की मास कॉम झालं की 'असलंच' काम करायचंय. करा की! पण त्यासाठी बर्लिनला जायची गरज नाही, आधी सातबारा, फेरफार आणि कंपनीचा ताळेबंद नीट वाचायला शिका, आरटीआय टाकून बघा, अपील पण करून बघा. आणि जो माणूस कागद देतो त्याचं नाव फोनमध्ये सेव्ह करू नका.