बाबांच्या जुन्या पीसीवर विंडोज ११ चढत नाही, नवा घ्यावा का?

आधी प्रोसेसरचा नंबर बघा. उदा. इंटेलचा आय५-७४०० म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यावर नेटबँकिंग करत असतील तर नवा घ्याच. नुसतं यूट्यूब आणि बातम्या असतील तर एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लावा, मस्त चालतं.

नवा घेताना १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बास. दुकानदार आय७ प्रोसेसर गळ्यात मारेल, घरच्या कामाला गरज नाही.

आणि हो, विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण मधोमध असतं. सेटिंग्जमधून टास्कबारवरची (खालच्या पट्टीवरची) बटणं डावीकडे करून द्या, बाबांची निम्मी कुरकुर तिथेच थांबेल.