'लेफ्ट बिहाइंड' : सगळी १६ पुस्तकं वाचायची का?

'लेफ्ट बिहाइंड' या इंग्रजी कादंबरीमालिकेचा सगळा संच एकदम मागवू नका. पहिलं पुस्तक घ्या, १९९५ सालचं. विमान समुद्रावर असताना काही प्रवासी कपडे आसनावरच सोडून नाहीसे होतात, ही सुरुवात आजही पकड घेते. तिथे मन रमलं नाही तर पुढे जाऊच नका, कारण शैली शेवटपर्यंत तीच आहे: साधी, वेगवान, संवादांवर चालणारी.

रमलात, तर मात्र आधी एक समजून घ्या. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांनी ही कथा एका विशिष्ट श्रद्धेवर उभारली आहे. आधी श्रद्धावंतांना वर स्वर्गात उचलून नेलं जाईल, मग सात वर्षं संकटांची, मग ख्रिस्ताचं पुनरागमन. हा क्रम एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या शिकवणीतून पसरला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेच प्रोटेस्टंटही तो मानत नाहीत. म्हणून बायबलमधलं 'प्रकटीकरण' हे शेवटचं पुस्तक आधी वाचाच, २२ अध्याय तर आहेत. मूळ प्रतीकं किती गूढ आहेत आणि कादंबरीकारांनी ती किती शब्दशः घेतली आहेत, हे दिसलं की मालिका फार वेगळी वाटू लागते. मला तरी खरा रस तिथेच आला.

मधली पुस्तकं लांबवलेली आहेत: पाठलाग, सुटका, पुन्हा पाठलाग. भराभर वाचा. बाराव्या पुस्तकात (२००४) मुख्य कथा पुरी होते. नंतर आलेली पूर्वकथेची तीन आणि पुढच्या कथेचं एक, अशी चार पुस्तकं खुशाल सोडा. खलनायक कार्पेथियाच्या बालपणाची फारच उत्सुकता असेल, तर पूर्वकथेतलं पहिलं तेवढं बघा.