रिमॅपनंतर गाडीची मागची बाजू का सुटते?

प्रश्न : माझ्या बीएमडब्ल्यू ३२० डीचं रिमॅप करून (इंजिनच्या कंप्युटरचं प्रोग्रामिंग बदलून) ताकद १९० वरून साधारण २३० हॉर्सपॉवर केली. आता चोर्ला घाटात, कणकुंबीच्या पुढे, ओल्या वळणातून निघताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागची बाजू सरकते. हायवेला पाय उचलला तरी गाडी किंचित डुलते. मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) बसवू का? – वाचक, खानापूर

उत्तर : बार मुळीच बसवू नका. मागचा बार कडक केला की वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं. तुमच्या गाडीचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) ओपन, म्हणजे लॉक न होणारा आहे, त्यामुळे तेच चाक जागच्या जागी फिरायला लागेल.

दाबताना आणि सोडताना, दोन्ही वेळा गाडी हलते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. संशय बुशांवर, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी नळ्यांवर येतो. मागच्या प्रत्येक चाकाला पाच आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे) आहेत. त्यांच्या बुशांचं रबर मऊ पडलं की जोर लागताच चाक पुढे ओढलं जातं, पाय उचलताच मागे येतं, आणि दर वेळी टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळल्याचा कोन) बदलतो. टॉर्क (इंजिनचा फिरवणारा जोर) कमी होता तोवर हे जाणवलं नाही, इतकंच. गाडी लिफ्टवर घ्या, एकेका बुशापाशी टॉमी (लांब लोखंडी दांडा) लावून रेटा. रबराच्या कडेला चंद्रकोरीसारखी चीर उघडताना दिसली की तो बुश गेला. सबफ्रेमचे (हे आर्म ज्या चौकटीला बसतात तिचे) बुशही असेच तपासा.

नवे बुश बसवताना मेकॅनिकजवळ उभे राहा. चाकं लटकत असताना बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. हबखाली (चाकाच्या मध्यभागाखाली) जॅक देऊन सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणायचं, मगच टॉर्क रेंच लावायचा.

त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट. मागे प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.१५ अंश टो-इन (चाकाची पुढची कड आत), दोन्हीकडे सारखं. कॅम्बर (चाकाचा उभा कल) दीड ते दोन अंश निगेटिव्ह, म्हणजे चाकाची वरची कड आत. एका बाजूला जरी टो-आउट राहिलं तरी घाटात गाडी अशीच वागणार.

टायरच्या बाजूवर ३५१९ असं काही छापलेलं असतं, म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. सहा वर्षं उलटलेलं किंवा ३ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरलेलं टायर पावसाळ्यात नकोच. नवी जोडी मागेच घाला.

रिमॅप करणाऱ्या ट्यूनरला पहिल्या तीन गिअरांत टॉर्क कमी ठेवायला सांगा. एवढं करून भागलं नाही, तरच लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचा (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या) खर्च करा.

प्रश्न : डिक्कीत वाळूचं पोतं ठेवलं तर मागची पकड वाढेल? – वाचक, निपाणी

उत्तर : सरळ चढावर थोडी वाढेल. पण हे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतं. वळणात एकदा मागची बाजू सुटली की ते तिला आणखी बाहेर खेचतं आणि गाडी सावरणं अवघड होतं. पोतं काढून टाका.