समाजातल्या वंशभेदाचा मुलांच्या निकालावर परिणाम कसा होतो?

तुमचा प्रश्न असा आहे की शाळेत सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच पेपर असतो, मग समाजातल्या वंशभेदामुळे वेगवेगळ्या वंशांच्या मुलांच्या निकालात फरक कसा पडतो? आणि आपल्याकडे याला काही समांतर आहे का?

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय आणि कळव्यात दहावीच्या शिकवण्या घेते. माझं मत आधीच सांगून टाकते. शिक्षक भेदभाव करतात की नाही, या एकाच मुद्द्यावर लोक फार अडकतात. काही करतातच. पण बरंचसं नुकसान मूल शाळेच्या फाटकात येण्याआधी होऊन गेलेलं असतं. ते घराचा पत्ता आणि आईबापाचा पगार या वाटांनी येतं, आणि वर्गात पोचेपर्यंत त्याला भेदभाव म्हणून कुणी ओळखतही नाही.

पगाराचं आधी बघू. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोमध्ये संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे खोटे अर्ज कंपन्यांना पाठवले. फरक फक्त नावांत, एमिली-ग्रेग एकीकडे, लकीशा-जमाल दुसरीकडे. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी असाच प्रयोग भारतातल्या खासगी कंपन्यांवर केला, तो २००७ साली छापून आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. आता ज्याचा अर्ज असा बाजूला पडला, त्याच्या घरात क्लासची फी, वेगळी खोली, इंटरनेट यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. शिवाय घरातलं धाकटं भावंड हे सगळं बघत असतं. माझ्याकडच्या एका मुलाचा मोठा भाऊ बी.कॉम. होऊन एसी दुरुस्तीला जातो. 'मिस, पर्सेंटेज वाढवून काय होणार?' या धाकट्याच्या प्रश्नाला मला चटकन उत्तर सुचत नाही.

पण मला पत्त्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने कर्ज बुडण्याच्या धोक्यानुसार शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सर्रास लाल रंगात गेल्या. लाल भागात कर्ज मिळणं मुश्किल, म्हणून घरांच्या किमती पडलेल्या. तिथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, म्हणजे स्वस्त घरांच्या भागातल्या शाळेच्या हाती पैसाही कमी. घरांच्या व्यवहारातल्या भेदभावावर १९६८ साली कायद्याने बंदी आली, पण तोवर वस्त्या ठरून गेल्या होत्या.

आपल्याकडे हे पाहायचं तर कळव्याहून एक स्टेशन पुढे जा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला आली. ज्यांना परवडतं, त्यांनाही बाहेर पडणं सोपं नाही. माझ्या ओळखीच्या एकांनी ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याने घर पाहिलं, भाडं ठरलं, आणि टोकन द्यायच्या वेळी नाव ऐकून ब्रोकर म्हणाला, 'मेरेको प्रॉब्लेम नहीं है भाई, सोसायटी का लफडा है.' ब्रोकर खरंच तसा वाईट माणूस नव्हता. मग वस्ती एकाच जागी दाटत जाते, शाळांचे वर्ग भरून वाहतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत राज्यात भारनियमनाचं सूत्र असं होतं, की ज्या फीडरवर (म्हणजे एका भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर) वीजगळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, तिथे दिवे जास्त वेळ बंद. सूत्रात धर्म कुठेच नाही. तरी ठाण्यात पंखे फिरत असताना मुंब्र्यातल्या पोराला इमर्जन्सी लाइटवर भूमिती करावी लागायची.

वर्गातलं थोडक्यात. बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ साली दाखवून दिलं, की ब्रिटनमध्ये कॅरिबियन मुलांना मंदबुद्धी ठरवून खास शाळांत पाठवण्याचं प्रमाण फार मोठं आहे. आणि कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह (वाट शोधायची कोडी) सोडवायला दिले. जात न पुकारता दिले तेव्हा दलित मुलं इतरांच्या जवळपास बरोबरीला होती. सगळ्यांसमोर जात पुकारली, की त्यांची कामगिरी घसरली. हजेरीला आडनाव मोठ्याने घेताना मला हा प्रयोग हटकून आठवतो.

यावर एक हमखास आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. वंशभेद एवढा परिणाम करतो, तर ब्रिटनमधली भारतीय आणि चिनी मुलं सरासरी गोऱ्यांच्या पुढे कशी? सोपं उत्तर 'त्यांच्यात शिक्षणाची आवड असते' हे. मला ते पटत नाही. कोण, काय बरोबर घेऊन आलं ते बघा. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आणि ब्रिटनला आलेल्या गुजरात्यांची मालमत्ता तिकडेच राहिली, पण अनेकांकडे व्यापाराचा अनुभव, इंग्रजी आणि शिक्षण होतं. सिल्हेटहून लंडनच्या पूर्व भागात आलेले बांगलादेशी बरेचसे कष्टकरी. १९९० च्या दशकात त्यांची मुलं बरीच मागे होती. आज सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत ती सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहेत. आवड काय एका पिढीत उगवली? शाळांवर, विशेषतः लंडनमध्ये, खर्च आणि लक्ष वाढलं, हे एक कारण नक्की आहे. पगारात मात्र तो समाज अजूनही मागेच आहे. कॅरिबियन मुलांची सरासरी अजूनही खालीच, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची त्यांच्यापेक्षा वर. बाहेरचा भेदभाव तोच असला, तरी तो झेलायला घरात काय आहे यावर पुष्कळ ठरतं.

भारताशी तुलना करताना जपून. जात, धर्म आणि वंश यांची सरमिसळ करू नका. थेट वंशभेद ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. २०१४ साली दिल्लीत मारहाण झालेल्या अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर त्यावर बेझबरुआ समितीही नेमली गेली. शिवाय आपल्याकडे आरक्षण आहे, त्यामुळे प्रवेशाचं गणित ब्रिटनपेक्षा वेगळं चालतं. मात्र ते खासगी कंपनीच्या दारात किंवा घोडबंदरच्या भाड्याच्या घरात कामाला येत नाही.

परीक्षेसाठी लिहीत असाल तर ब्रिटनमधल्या अल्पसंख्याक मुलांच्या शिक्षणावरच्या स्वान समितीचा १९८५ चा अहवाल जरूर घ्या. मुलांच्या मागे पडण्याचं खापर बुद्ध्यांकावर फोडायला त्या समितीने नकार दिला आणि गरिबीबरोबर समाजातल्या आणि शाळेतल्या वंशभेदाकडे बोट दाखवलं. मात्र उत्तराची सुरुवात नोकरी आणि घरापासून करा, शिक्षकांचा मुद्दा त्यानंतर.