सात दिवस फुकट, आठव्या दिवशी पैसे

प्रश्न : मी मिरजेत हार्मोनियम शिकवते. आता धड्यांचे व्हिडिओ वेबसाइटवर ठेवलेत, महिना २९९ रुपये. पहिले सात दिवस फुकट आणि आठव्या दिवशी पैसे आपोआप कापले जावेत, असं करता येईल का? पण फुकट बघायला आलेला माणूस आधीच ऑटोपेची मंजुरी देईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, करणं सोपं आहे. पेमेंट गेटवेवर, म्हणजे वेबसाइटसाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेवर, सबस्क्रिप्शन बनवताना पहिल्या वसुलीची तारीख सात दिवस पुढची टाकायची. गिऱ्हाईक आजच यूपीआय पिन टाकून मंजुरी देतं. पुढचे हप्ते १५,००० रुपयांच्या आत असल्यामुळे दर महिन्याला पिन लागत नाही.

तुमची शंका मात्र रास्त आहे. मी शब्दकोड्यांची वर्गणी अशीच सुरू केली होती, महिना ४९ रुपये. पुढेमागे दर वाढवला तर असू दे, म्हणून मंजुरीची कमाल रक्कम, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त कापता येईल ती, हजार ठेवली. पिन टाकायच्या आधी पडद्यावर नेमका तोच आकडा दिसायचा! डोंबिवलीच्या एका आजोबांचा फोन आला, "अहो, कोड्याचे हजार रुपये?" त्यांनी निदान विचारलं तरी. न विचारता किती जण परत गेले, देव जाणे. तुम्ही कमाल रक्कम २९९च ठेवा.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण बँकेचे मेसेज वाचतो कोण? पाचव्या दिवशी तुम्ही स्वतः व्हॉट्सअ‍ॅप करा आणि त्यातच बंद करायची लिंक द्या. ग्राहक यूपीआय अ‍ॅपमधून मंजुरी रद्द करू शकतोच, मग आपण दार कशाला अडवायचं?

आता जरा अडचणीचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला ग्राहकांना फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात वर्गणीचा सापळाही आहे. बंद करायचं बटण लपवणं हा सापळा, हे कुणालाही पटेल. पण फुकट वर्गणीसाठी ऑटो डेबिटची मंजुरी सक्तीने घेणं हेही त्यातच धरलंय. म्हणजे तुमची योजना अगदी कुंपणावर बसते.

मी तुमच्या जागी असतो तर सात दिवसांचा हिशेबच ठेवला नसता. स्वरओळख आणि पहिले दोन-तीन अलंकार सगळ्यांना खुले, नाव-नंबरही नको. चौथ्या धड्याला २९९ आणि ऑटोपे. गिऱ्हाइकं कमी येतील, पण आलेल्यांची बोटं तोवर पट्ट्यांवर फिरायला लागलेली असतील.

आणि एखाद्या महिन्यात खात्यात पैसे नसल्यामुळे वसुली फसली, तर त्याच दिवशी धडे बंद करू नका. आठवडाभर थांबा. महिनाअखेरीला असं फार होतं, पगार झाला की येतात पैसे.