पक्षाघातानंतर मेंदूला आलेली सूज ॲक्युपंक्चरने उतरते का?

नाही, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. उंदरांच्या डोक्यावरच्या ‘बायहुई’ बिंदूत सुया टोचल्यावर सूज आणि पेशींत पाणी सोडणारं ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन कमी दिसलं. आशा पसरली ती तिथून. ताज्या पक्षाघातावरच्या (स्ट्रोकवरच्या) कोक्रेनच्या, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या, २०१८ च्या आढाव्यात मात्र पुरावा कच्चाच ठरला. सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असते, आणि कवटीत फुगायला जागा नसते. मॅनिटॉल या शिरेतून देण्याच्या औषधाने कवटीतला दाब तात्पुरता उतरतो. झटका मोठा असेल तर ४८ तासांच्या आत कवटीचा तुकडा काढून ठेवण्याचं ऑपरेशन जीव वाचवू शकतं. सुया घ्यायच्याच तर नंतर, फिजिओथेरपीच्या जोडीला, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच.