घरी बिअर बनवताना उकळीच्या वाफेचं काय करायचं?

पहिल्याच बॅचआधी वाफेचा विचार केलात, हे उत्तम. तासाभराच्या उकळीत 20 लिटरच्या भांड्यातून 2 ते 4 लिटर पाणी सहज उडून जातं, आणि ते सगळं तुमच्या भिंतींवर, छतावर आणि कपाटांच्या आत जाऊन बसतं. पुढे तिथेच बुरशी धरते.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- एक्झॉस्ट फॅन उकळी येण्याआधी लावा आणि गॅस बंद केल्यावरही अर्धा तास चालू ठेवा. फॅन हवा खरंच बाहेर फेकतो ना, हे तपासा. स्वयंपाकघरातल्या काही चिमण्या हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतात, त्यांचा वाफेला उपयोग शून्य.
- समोरची एखादी खिडकी थोडी उघडी हवी. आत हवा आली नाही तर फॅन बाहेर काय ओढणार?
- उकळी मध्यम ठेवा. पृष्ठभाग सतत हलता राहिला की पुरे, खळाखळा उकळल्याने बिअर सुधारत नाही.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे वाफ अडवायला झाकण घट्ट लावणं. उकळी येईपर्यंत झाकण चालेल, नंतर नाही. उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबरच बाहेर जातो. शिवाय झाकलेलं भांडं क्षणात उतू जातं.

आणि बाहेर वापरायचा मोठा प्रोपेन बर्नर घरात कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. इंडक्शन असेल तर सर्वांत छान.

वाफ थंड करून तिचं पाणी बाहेर काढणारी कंडेन्सरची झाकणं वगैरे नंतर पाहू. आधी लहान भांड्यात 5 लिटरची छोटी बॅच करा, वाफ बरीच कमी होईल.